पुढचा एक्सल स्वतः खोलून परत बांधायचा असेल तर (पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी)

पुढच्या चाकामागे वाकून बघितलं आणि नकलच्या (स्टिअरिंगबरोबर चाक वळवणारा, चाकामागचा लोखंडी भाग) त्या मोठ्या गोल बॉलवर काळपट तपकिरी चिकट घाण ओघळलेली दिसली, टायरच्या आतल्या बाजूला पण तेलाचे शिंतोडे आहेत, तर समजायचं की आतलं ऑइल सील गेलंय. फुल स्टिअरिंग वळवून ॲक्सिलरेटर दिला की कट-कट-कट आवाज येत असेल तर जॉइंट (नकलच्या आतला, चाक वळलेलं असतानाही शाफ्ट फिरवणारा सांधा) पण झिजलाय. आणि गाडी सरळ चालताना स्टिअरिंग मधोमध अडकल्यासारखं वाटतं, हलकं वळवायला गेलं की एकदम सुटतं, असं असेल तर नकलच्या वरखालच्या बेअरिंगच्या वाट्यांना खड्डे पडलेत. ही तिन्ही कामं एकदाच खोलून होतात म्हणून एकत्रच करायची, अर्धवट करून परत खोलायला लागलं की जीव जातो.

मी इथे लिहितोय ते बंद नकल असलेल्या सॉलिड एक्सलबद्दल (दोन्ही चाकांना जोडणारी एकच अखंड नळी), म्हणजे टोयोटा लँड क्रूझर ६०, ७०, ८० सिरीज, जुनी सॉलिड एक्सलवाली हायलक्स, सुझुकी सामुराई आणि जिम्नी, या सगळ्यांची रचना एकाच धाटणीची आहे. टॉर्कचे आकडे मी ८० सिरीजचे देतोय कारण त्यावर माझा हात बसलाय, तुमच्या गाडीचे आकडे तिच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या.

आधी आत काय चाललंय ते डोक्यात बसवून घ्या, मग हात चालतो. एक्सलच्या नळीत डिफरेंशियलचं (दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचं, पुढे नुसतं डिफ म्हणतो) गिअर ऑइल असतं, नकलच्या आत ग्रीस असतं, आणि दोघांच्या मध्ये फक्त एक बोटभर जाडीचं रबरी सील. ते सील गेलं की ऑइल नकलमध्ये शिरतं, ग्रीस पातळ होतं, जॉइंटवरून धुऊन निघतं आणि ती सगळी कालवलेली घाण बॉलवरच्या फेल्टमधून (बॉल पुसत राहणारी नमद्याची पट्टी) बाहेर गळायला लागते. बाहेरून दिसतं ती फक्त गळती, पण खरं नुकसान आत जॉइंट कोरडा पडल्यामुळे होत असतं. म्हणून गळतंय तर गळू दे, वरून ऑइल टाकत राहू, असं करू नका.

आणि सील का गेलं हे बघितल्याशिवाय नवीन सील टाकायचं नाही. एक्सलच्या नळीवर एक छोटा ब्रीदर असतो, टोपीसारखा, त्यातून आतली हवा ये-जा करते. चिखलाने गंजाने तो जाम झाला की एक्सल तापल्यावर हवा फुगते, तिला जायला वाट नसते, मग ती सीलवरूनच ऑइल ढकलते. उलट तापलेला एक्सल एकदम थंड पाण्यात गेला की आत ओढ तयार होते आणि त्याच सीलमधून पाणी आत खेचलं जातं. ब्रीदर जाम ठेवून नवं सील बसवलं तर ते पण जाणार, कितीही चांगल्या कंपनीचं असू दे. ब्रीदर काढून साफ करा, आणि जमलं तर तिथून रबरी पाइप टाकून त्याचं टोक इंजिनच्या भागात वर कुठेतरी बांधा.

आता सामान. जॅक आणि दोन भक्कम घोड्या, टॉर्क रेंच, हबच्या नटसाठी ५४ एमएमचं सॉकेट, पितळी सळई, सर्क्लिप प्लायर, टाय रॉडचा पुलर, १० किलोपर्यंतचा साधा ताणकाटा (हो, शाळेत प्रयोगाला असायचा तोच), चार-पाच पसरट ट्रे, भरपूर चिंध्या, हातमोजे, गॉगल. पार्ट्समध्ये सील-गॅस्केटचा पूर्ण किट, नकलची बेअरिंगं, चाकाची बेअरिंगं, नवीन लॉक वॉशर. नकलसाठी मॉलीवालं (मॉलिब्डेनम घातलेलं) ग्रीस, दोन्ही बाजू मिळून एक-दीड किलो तरी हाताशी ठेवा, अर्ध्यात संपलं तर त्या हातांनी दुकानात जाता येत नाही. वेळ म्हणाल तर पहिल्यांदा करताना दोन पूर्ण दिवस धरा, आणि दुसऱ्या दिवशी गाडी कुठे लागणार असेल तर त्या आठवड्यात हातच लावू नका.

एक नियम मात्र कडक पाळायचा. एका वेळी एकच बाजू खोलायची. एक बाजू पूर्ण बांधून झाल्याशिवाय दुसऱ्या बाजूच्या एकाही नटला पाना लावायचा नाही. कारण रात्री उशिरा कुठलं वॉशर कुठल्या तोंडाने होतं हे आठवत नाही, तेव्हा दुसरी न खोललेली बाजू हीच तुमची सगळ्यात भरवशाची खूण असते. फोटो पण काढायचेच, प्रत्येक पार्ट निघाला की एक, आणि निघालेले पार्ट पुठ्ठ्यावर निघाले त्याच क्रमाने ओळीत मांडायचे.

गाडी सपाट कडक जमिनीवर, मागच्या चाकांना पुढून मागून ठोकळे, एक्सलखाली घोड्या. नुसत्या जॅकवर गाडी उभी असताना खाली डोकं घालायचं नाही, दोन मिनिटांसाठी पण नाही. खोलायच्या आधी एक तपासणी करून घ्या, चाक वर आणि खाली असं दोन हातांनी धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो चाकाच्या बेअरिंगचा होता, तरीही राहिला तर नकलच्या बेअरिंगचा. एवढ्याने कुठे बारकाईने बघायचं ते कळतं.

डिफचं ऑइल काढताना आधी भरायचा प्लग सैल करा आणि मगच खालचा ड्रेन प्लग. ऑइल सगळं काढून टाकलं आणि भरायचा प्लग गंजून निघतच नाही, ही वेळ येऊ देऊ नका. ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर राखाडी मऊ लगदा असेल तर ठीक आहे, पण नखाएवढे तुकडे किंवा दाताची कपची सापडली तर डिफ पण उघडावा लागणार. ऑइल दुधाळ असेल तर पाणी गेलंय.

मग चाक काढा, कॅलिपर काढून तारेने स्प्रिंगला टांगा, होजवर लोंबकळत सोडू नका. ब्रेकची धूळ हवा मारून उडवायची नाही, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसून घ्या. हबची टोपी काढली की आत शाफ्टच्या टोकाला सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी रिंग) दिसेल. शाफ्टच्या टोकात आटे आहेत त्यात एक बोल्ट फिरवून शाफ्ट बाहेर ओढून धरा, म्हणजे सर्क्लिप सुटी होते, नाहीतर ती खाचेत इतकी घट्ट बसलेली असते की प्लायर घसरत राहतो.

फ्लॅन्जचे (शाफ्टला हबशी जोडणारी बाहेरची चकती) नट काढले तरी फ्लॅन्ज निघणार नाही, कारण प्रत्येक स्टडवर एक चिरलेलं कोन वॉशर घट्ट रुतून बसलेलं असतं. इथे नवीन माणूस छिन्नी घालून फ्लॅन्ज उचकटायला बघतो आणि तोंड खराब करून ठेवतो. नट स्टडच्या टोकाबरोबर येईल इतकाच ठेवा, म्हणजे आटे वाचतात, आणि पितळी सळई टोकावर ठेवून एक नेमका जोरदार फटका द्या. दोन-तीन फटक्यांत कोन वॉशर टणकन उडतं, म्हणून गॉगल. फ्लॅन्ज निघाला की आत लॉक वॉशरचे वाकवलेले कान सरळ करा, ५४ च्या सॉकेटने बाहेरचा नट, मग लॉक वॉशर, मग आतला नट आणि थ्रस्ट वॉशर. हब थोडा पुढे ओढला की बाहेरचं बेअरिंग हातात येतं, ते खाली पडू देऊ नका. हब डिस्कसकट जड असतो, दोन्ही हातांनी काढा.

स्पिंडलचे (ज्यावर हब फिरतो ती पोकळ नळी) बोल्ट काढून कडेने रबरी हातोडीने हळूहळू ठोकत राहा. स्पिंडल सुटला की खाली ट्रे हवाच, कारण नकलमधला सगळा काला एकदम बाहेर येतो आणि त्याचा वास दोन दिवस हाताला राहतो. एक्सल शाफ्ट बाहेर काढताना बाहेरच्या जॉइंटची सपाट बाजू वर करा, म्हणजे तो कुठे न अडकता सरळ निघतो. नकलच्या मागचे फेल्टचे पट्टे सोडवा, टाय रॉड पुलरने काढा, आणि मग वरची आणि खालची कॅप, म्हणजे एकीकडे स्टिअरिंग आर्म असतो तो. त्याला पण कोन वॉशर, तीच सळई तेच फटके. कॅपखाली पातळ पत्र्याच्या शिम असतात, वरच्या वेगळ्या खालच्या वेगळ्या, त्या निघाल्या निघाल्या तारेत ओवून चिठ्ठी लावा. शाफ्ट नळीच्या बरोबर मधोमध राहणं या शिमवर ठरतं, त्या वर-खाली झाल्या तर नवीन सील एका बाजूने खाल्लं जातं.

आता सगळ्यात लांब आणि सगळ्यात महत्त्वाचं काम, साफसफाई. अर्धा दिवस यातच जातो आणि जाऊ द्या. रॉकेल किंवा डिग्रीजर, ब्रश, चिंध्या, परत ब्रश. नकलच्या कोपऱ्यात, स्टडच्या मुळाशी, बॉलच्या आत, कुठेच जुनं ग्रीस ठेवायचं नाही कारण त्यात बारीक रेती असते आणि ती नवीन ग्रीसमध्ये मिसळून पॉलिश पेपरचं काम करते. बॉलच्या आतून एक्सलच्या नळीत चिंधीचा बोळा कोंबून ठेवा म्हणजे घाण डिफकडे जाणार नाही, पण त्याला लांब लाल शेपटी ठेवा जी बाहेर लोंबत राहील, नाहीतर बोळा आत राहून जातो. धुतलेलं बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवू नका, फुटून अंगावर येऊ शकतं.

साफ झाल्यावर नखाने तपासायचं. डोळ्याला जे दिसत नाही ते नखाला लागतं. नकलच्या बेअरिंगच्या वाटीत नख फिरवा, रोलरच्या जागी ओळीने बारीक खड्डे लागले तर तेच ते स्टिअरिंग अडकण्याचं कारण. वाटी आणि बेअरिंग जोडीनेच बदलायचं, जुन्या वाटीत नवीन बेअरिंग कधीच नाही. बॉलवर वरवरचा गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने जातो, खोल खड्डे असतील तर ते फेल्ट फाडत राहणार. शाफ्टवर सील जिथे घासतं तिथे चकचकीत पट्टा असतो, त्यात नख अडकत असेल इतकी खाच पडली असेल तर नुसतं सील बदलून गळती थांबणार नाही. स्पिंडलच्या आतला पितळी बुश पण बघा.

जॉइंट हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो. आत एक तारा, एक पिंजरा आणि सहा गोळ्या, चाक वळलेलं असतानाही एकसारख्या वेगाने फिरतो, फोर्डमधल्या आल्फ्रेड झेपा नावाच्या इंजिनियरने १९२६ च्या सुमारास काढलेली रचना आहे आणि आजही जवळपास तशीच चालते. सुटा करायला शाफ्ट व्हाइसमध्ये धरा, जबड्यात मऊ धातूचे तुकडे घालून, आणि पितळी सळई आतल्या ताऱ्यावर ठेवून ठोका, एक बारीक रिंग दबते आणि जॉइंट निघतो. मग तारा एका बाजूला पूर्ण कलवला की समोरची गोळी वर येते, ती काढा, फिरवा, पुढची काढा. सगळ्या निघाल्या की पिंजरा आडवा करून बाहेर. कुठला तारा कुठल्या तोंडाने होता ते रंगाने खुणावून ठेवा. गोळ्यांच्या खाचांत खड्डे किंवा कपच्या उडालेल्या असतील तर जॉइंट नवीन. नुसत्या चकचकीत झिजेचा पट्टा असेल आणि कट-कट थोडीच येत असेल तर डावा जॉइंट उजवीकडे आणि उजवा डावीकडे टाकता येतो, पुढे जाताना जोर खाचेच्या ज्या बाजूवर यायचा ती बदलते, कमी झिजलेली बाजू वापरात येते आणि गाडी शांत होते. शाफ्ट मात्र आपापल्या बाजूलाच, त्यांची लांबी वेगळी असते. ही अदलाबदल करायची असेल तरच एक-बाजूचा नियम मोडावा लागतो, तेव्हा फोटो दुप्पट काढा.

बांधणी. आतलं सील बसवताना जागा कोरडी साफ, सीलच्या ओठाला ग्रीस, आणि बरोबर मापाच्या सॉकेटने किंवा जुन्या बेअरिंगच्या वाटीने गोल गोल हलके ठोकत सरळ बसवा. एका बाजूने आधी गेलं तर काढून फेका, दुसरं घ्या.

पुढे नकलच्या बेअरिंगचा ताण मोजायचा, आणि हे शाफ्ट टाकायच्या आधी, मागचे फेल्टचे पट्टे न आवळता. फक्त रबराचं सील मात्र नकल चढवायच्या आधीच बॉलवर सरकवून ठेवा, नंतर जात नाही. बेअरिंगला ग्रीस, जुन्याच शिम जुन्याच जागी, कॅपचे नट ९६ न्यूटन मीटर. आता टाय रॉडच्या भोकात ताणकाटा अडकवून आर्मला काटकोनात ओढा. नकल हलती ठेवायला साधारण ३ ते ६ किलो लागले पाहिजेत. कमी लागत असतील तर एक शिम काढा, जास्त लागत असतील तर टाका. हाताने हलवून बघितलं, घट्ट वाटतंय, हे मोजमाप नाही.

शाफ्ट आत घालणं ही दहा सेकंदांची गोष्ट आहे पण सगळी मेहनत इथेच वाया जाऊ शकते. जॉइंटमध्ये आधी ग्रीस भरून घ्या, एका गोळीपाशी बोटाने दाबत राहायचं, समोरच्या बाजूने नवीन ग्रीस बाहेर येईपर्यंत. नळीतला बोळा काढलाय याची खात्री करा. मग शाफ्ट दोन्ही हातांनी आडवा, अगदी सरळ धरायचा, टोकाचे दाते सीलच्या ओठावर टेकू द्यायचे नाहीत, कारण त्या दात्यांच्या कडा धारदार असतात आणि नवीन ओठ चिरला तर बाहेरून काहीच दिसत नाही, पंधरा दिवसांनी गळती दिसते. आत गेल्यावर सावकाश फिरवत राहा, डिफमधल्या दात्यांत बसला की शेवटचं दोन बोटं अंतर तो आपोआप आत सरकतो आणि हाताला ते स्पष्ट कळतं. मग नकल तीन-चतुर्थांश ग्रीसने भरा, पूर्ण ठासून नाही. स्पिंडल नवीन गॅस्केटसकट, बुशला ग्रीस, बोल्ट ४६ न्यूटन मीटर.

चाकाच्या बेअरिंगला ग्रीस वरून चोपडायचं नसतं, आत भरायचं असतं. डाव्या तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्या, उजव्या हातात बेअरिंग, त्याची रुंद कड त्या गोळ्याच्या काठावर दाबून आपल्याकडे ओढा, परत दाबा परत ओढा. पाच-सहा वेळा केलं की वरच्या बाजूने रोलरच्या मधून ग्रीसचे बारीक किडे बाहेर येतात, तेवढा भाग भरला, मग थोडं फिरवून पुढचा. पूर्ण चक्कर झाली की झालं.

हब चढवा, आतला नट ५९ न्यूटन मीटर आवळा, हब दोन्हीकडे चांगला फिरवा म्हणजे बेअरिंग जागेवर बसतात, नट सैल करा आणि आता हळूहळू परत आवळत ताणकाटा चाकाच्या स्टडला लावून मोजा. हब फिरायला सुरुवात होताना २.९ ते ५.७ किलोच्या मध्ये यायला हवं. मग लॉक वॉशर, बाहेरचा नट ६४ न्यूटन मीटर, आणि परत मोजा, कारण बाहेरचा नट आवळला की आतला ताण बदलतो. हे दुसऱ्यांदा मोजणं बरेच जण सोडतात. मी पहिल्यांदा अंदाजाने आवळलं होतं आणि थोडंच अंतर गेल्यावर हबला हात लावता येत नव्हता, ती दोन्ही बेअरिंगं नवीनच होती आणि निळी पडून गेली. तेव्हापासून काट्याशिवाय हा नट मी लॉक करत नाही. बरोबर आलं की लॉक वॉशरचा एक कान आत, एक बाहेर वाकवा.

फ्लॅन्ज, कोन वॉशर, सर्क्लिप, टोपी, टाय रॉड आणि त्याची नवी पिन, कॅलिपर, मागचे फेल्टचे पट्टे काढतानाचा फोटो बघून त्याच क्रमाने. मग दुसरी बाजू. दुसरी बाजू निम्म्या वेळात होते. शेवटी डिफमध्ये ८०डब्ल्यू-९० जीएल-५ ऑइल, भरायच्या भोकाच्या कडेपर्यंत. गाडी हलवायच्या आधी ब्रेकचं पेडल चार-पाच वेळा दाबून कडक करून घ्या, पॅड मागे सरकलेले असतात आणि पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही. स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून होज कुठे ताणला जात नाही ना ते बघा.

पंधरा-वीस किलोमीटर चालवून हबला हात लावा, कोमट ठीक आहे, चटका बसला तर बेअरिंग घट्ट झालंय, तिथेच थांबा. आणि ५०० किलोमीटर झाले की स्टिअरिंग आर्मचे नट टॉर्क रेंचने परत तपासा, हे विसरू नका, हात जोडून सांगतो. कोन वॉशर बसून घेतात, नट सैल पडतो, मग सगळा जोर स्टडवर येतो आणि ते एकेक करून तुटतात, शेवटचा तुटला की त्या चाकाचा स्टिअरिंगशी संबंधच राहत नाही.

बॉलवर नंतर ग्रीसचा पातळ ओलसर थर दिसेल, तो फेल्ट पुसत असतं त्याचा आहे, गळती नाही, त्याने बॉल गंजत नाही म्हणून तो तसाच राहू द्या.